नगरहून येणारा नाताळचा डबा

दरवर्षी डिसेंबरच्या वीस-बावीस तारखेला आमच्या मयूर विहारच्या घरी नगरहून एक डबा यायचा. ओळखीचं कुणी दिल्लीला निघालं असेल तर त्यांच्या हाती, नाहीतर जुन्या चादरीत शिवून पार्सलनं. चांगला मोठा स्टीलचा डबा, झाकणावर माझ्या सासूबाईंचं नाव कोरलेलं, आणि आत करंज्या, शंकरपाळी, चकल्या. दिवाळी होऊन महिना-दीड महिना झालेला असायचा, त्यामुळे सोसायटीतल्या लोकांना हा काय प्रकार आहे ते कळायचं नाही. खालच्या मजल्यावरच्या पंजाबी आंटी तर दरवर्षी नव्यानं विचारायच्या, "गुजिया तो होली पे बनती है ना बेटा, क्रिसमस पे कौन बनाता है?" मी म्हणायचे, आमच्याकडे बनवतात, आंटी. नगरच्या ख्रिस्ती घरांत नाताळला फराळच होतो, केक नंतर आला.

खरं सांगायचं तर मला त्या डब्याचं काही कौतुक नव्हतं. मी वाढले आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, आई शाळेत शिकवणारी, दोघांनाही वेळ नाही. आमचा नाताळ म्हणजे बेकरीतला प्लम केक आणि सकाळची उपासना. करंजी मला तेलकट वाटायची. डबा आला की मी नगरला फोन करायचे, "मिळाला हं डबा, आई," आणि विषय संपवायचे. अर्ध्याहून जास्त फराळ शेजारीपाजारी वाटून मोकळी. मग उन्हाळ्यात नवरा गावी गेला की धुतलेला डबा त्याच्या बॅगेत कोंबायचे. बारा वर्षं हे असंच चाललं होतं, आणि मला वाटायचं, किती व्यवस्थित चाललंय सगळं.

तेराव्या वर्षी मार्चमध्ये सासूबाई गेल्या. ध्यानीमनी नसताना, आठ दिवसांच्या दुखण्यानं. त्या वेळी घाईगर्दीत निघालो, त्यामुळे शेवटचा डबा परत गेलाच नाही. तो आमच्या माळ्यावर पडून राहिला. आणि जुलैमध्ये, नगरचं घर बंद करून, नवरा बाबांना घेऊन आला. बाबा म्हणजे माझे सासरे.

बाबा शाळेत कार्यानुभवाचे शिक्षक होते. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी पोरांना पुठ्ठा, बांबू, सुतळी, चिंध्या यांतून काहीबाही करायला शिकवलं. इथं त्यांच्या हाताला कामच नव्हतं. सकाळी चहा घेऊन जे बाल्कनीत बसायचे ते जेवायलाच उठायचे. दिल्लीत येऊन ते दोनच शब्द बोलायला लागले होते, "पुरे" आणि "चालेल". भाजी वाढू का? पुरे. टीव्ही लावू का? चालेल. मी जन्माची बडबडी. माझा जीव नुसता कासावीस व्हायचा, आणि जीव कासावीस झाला की मला दया येत नाही, राग येतो. हा माझा स्वभाव आहे, त्याला काय करू!

डिसेंबरचा तिसरा आठवडा. आमची दहा वर्षांची लेक जेवताना म्हणाली, "मम्मा, इस बार डब्बा नहीं आएगा क्या?" आणि बोलून गेल्यावर तिचं तिलाच कळलं. नवरा ताटात बघायला लागला. बाबा मात्र तिच्याकडे वळून म्हणाले, "डबा नाही, बेटा. पण चांदणी करू आपण." पाच महिन्यांतलं त्यांचं ते सगळ्यात लांब वाक्य. नगरला प्रत्येक दारावर कामट्या आणि पतंगाच्या कागदाची चांदणी लागायची, आत दिवा सोडलेला, आणि बाबांची चांदणी बघायला म्हणे शेजारच्या गल्लीतून लोक यायचे.

त्या शुक्रवारी मी नोएडाच्या ऑफिसातून घरी आले, मेट्रोत उभी राहून पाय दुखत होते, आणि दार उघडून बघते तर काय! बाल्कनीतला माझा बांबूच्या चिकाचा पडदा जमिनीवर. नुसता काढलेला नाही, उसवलेला. पश्चिमेचं ऊन येतं म्हणून ऑक्टोबरमध्ये मी तो मुद्दाम माप देऊन करून घेतला होता, चिकवाल्याच्या मागे तीन आठवडे लागून. त्याच्या बांबूच्या पट्ट्या वेगळ्या काढून बाबा माझ्या भाजीच्या सुरीनं तासत बसले होते, आणि लेक दोऱ्याच्या गुंत्यात मांडी घालून बसली होती. दोघंही इतके खुशीत होते की माझ्याकडे बघून हसले.

माझं डोकंच फिरलं. "बाबा, हे काय करून ठेवलंत? नवा पडदा होता हो माझा! एक फोन करून विचारायचं तरी! हे काय शाळेतलं सामान आहे का, हवं ते उचला आणि कापा?" इथं थांबले असते तरी चाललं असतं. पण माझं तोंड एकदा सुटलं की सुटलं. मी म्हणाले, "हे तुमचं नगर नाही!"

बाबांनी सुरी खाली ठेवली. मांडीवरचा भुसा गोळा केला, पट्ट्यांची एक जुडी बांधली आणि म्हणाले, "चुकलंच माझं." दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता त्यांनी मुलाला सांगितलं, "सत्तावीस तारखेचं तिकीट काढ. नाताळ झाला की मी घरी जातो." नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, मी चहा गाळत राहिले. त्यानं मोबाईलवर तिकीट काढलं, आणि लपवून काय करायचं, मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं.

ते सुटल्यासारखं वाटणं संध्याकाळपर्यंतही टिकलं नाही. बंद घर उघडून हा माणूस एकटा काय खाणार? चहापलीकडे त्यांना काही करता येत नाही. रात्री-बेरात्री छातीत दुखलं तर उठून दार कोण उघडणार? नवरा मला एक अक्षर बोलला नाही, आणि तेच जास्त टोचत होतं. "नका जाऊ," एवढं म्हणायला मला सात दिवस मिळाले होते. रोज सकाळी ठरवायचे आणि रोज ऑफिसला निघून जायचे. माफी मागायची वेळ आली की माझी सुटलेली जीभ कुठं जाते देव जाणे.

चांदणी मात्र लेकीनं सोडली नाही. तिनं जुडी पुन्हा सोडायला लावली. पाच पट्ट्यांची एक चांदणी, तशीच दुसरी, दोन्ही एकमेकींवर ठेवून टोकं बांधायची, आणि मधे आडव्या काड्या अडकवायच्या, की पोट फुगतं आणि दिवा आत राहतो. सोपं आहे तसं, पण बांधताना मी लांबून बघत होते, बाबांची बोटं कशी भराभर चालत होती. पतंगाच्या कागदासाठी आजोबा-नात ई-रिक्षात बसून लक्ष्मीनगरला गेली. इथं पतंग ऑगस्टमध्ये उडतात, डिसेंबरात कागद कोण ठेवतो, पण एका दुकानदारानं मागून धुळीत पडलेले लाल आणि पिवळे ताव काढून दिले. मग माझ्याच गॅसवर मैद्याची खळ शिजली आणि माझ्या दुधाच्या पातेल्याचं बूड जळालं. मी दातावर दात ठेवून पातेलं घासायला घेतलं.

बावीस तारखेला संध्याकाळी चांदणी बाल्कनीत लागली. आत दिवा सोडला आणि लाल-पिवळा उजेड समोरच्या भिंतीवर पडला. खालून येणारी-जाणारी माणसं मान वर करून बघत होती. "सुंदर झालीये, बाबा," नवरा म्हणाला. मीही म्हणाले. बाबा म्हणाले, "चालेल."

सकाळी उठून पाहिलं तर बाहेर काही म्हणजे काही दिसत नव्हतं. दिल्लीचं धुकं. नगरला डिसेंबरात हवा अशी कोरडी असते की खळीनं चिकटवलेला कागद महिनाभर ढोलासारखा ताठ राहतो. बाबांना बिचाऱ्यांना काय ठाऊक, इथलं धुकं रात्रभर पाण्यासारखं गळतं! खळ सुटली होती, कागद लोंबत होते, नुसता बांबूचा सांगाडा उरला होता. मला जन्मापासूनचं दिल्लीचं धुकं माहीत. पण मी बाबांशी बोलणं टाळत होते ना, मग सांगणार कोण?

तेवढ्यात बेल वाजली. खालच्या आंटी, हातात पांढरी चादर, चादरीवर लाल रंगाचे ओघळ. रात्रभर त्यांच्या दोरीवर आमची चांदणी गळत होती. "देखो, देखो ज़रा! नई चादर थी मेरी! पूछ तो लेते कुछ टाँगने से पहले!"

अगदी माझंच बोलणं, दुसऱ्याच्या तोंडून. मी दारातच त्यांना अडवलं. "आंटी, चादर मैं धो दूँगी, नहीं निकला तो नई ला दूँगी. लेकिन बाबा को कुछ मत बोलिए, प्लीज़. उन्होंने बड़े दिल से बनाया था." आंटींनी माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. बाबा खुर्चीत बसले होते, मांडीवर तो सांगाडा, आणि ओले कागद एक-एक करून सोडवत होते.

आंटींचा आवाज खाली आला. चादर त्यांनी बगलेत घेतली आणि म्हणाल्या, "अच्छा, और गुजिया नहीं आई इस बार? मम्मीजी ठीक हैं?"

नऊ महिने झाले होते, आणि मी त्यांना सांगितलंच नव्हतं. लिफ्टमध्ये भेटायचो, हाय-हॅलो व्हायचं, मी कामाच्या घाईत. मी आत्ता सांगितलं. आंटी सरळ आत आल्या आणि बाबांसमोर वेताच्या मोढ्यावर बसल्या. "भाईसाहब, बारह साल मैंने उनके हाथ का खाया है. मिली कभी नहीं, पर खाया हर साल. हमारे पोते तो दिसंबर लगते ही पूछते हैं." बाबांनी मान वर केली. त्यांचं हिंदी अगदीच जेमतेम. "वो," ते म्हणाले, "वो बहुत अच्छा बनाती थी." मग त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. मार्चपासून आम्ही कुणीच त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

लेक माझ्या कुशीत शिरून म्हणाली, "तो हम बना लेते हैं ना, मम्मा." मी म्हटलं, मला कुठं येतात करंज्या? बाबांनी डोळे पुसले. "मला येतात," ते म्हणाले. "म्हणजे, लाटायची ती. मी समोर बसून खोबरं किसायचो, सारण भाजायचो, आणि कडा कातायचं काम माझंच. चाळीस वर्षं. पीठ कसं भिजवायची तेवढं मी बघायचो नुसतं."

"मग बघितलंय तेवढं सांगा," मी म्हटलं. चोवीस तारखेची मी रजा टाकली.

सुकं खोबरं इथं गोला म्हणून मिळतं, ते आणलं. बाबांनी ते किसलं, मंद आचेवर भाजलं, रवा वेगळा भाजला, थोडी खसखस, पिठीसाखर, वेलदोड्याची पूड. झालं सारण, घरात नसलेलं असं त्यात काहीच नाही. पिठाची पंचाईत होती. "रवा आणि मैदा निम्मानिम्मा," बाबा डोळे मिटून आठवत म्हणाले, "त्यात कडकडीत तूप घालायची. मग मूठ वळून बघायची, मूठ राहिली की दूध. आणि ओल्या फडक्याखाली ठेवून ती देवळात नाताळच्या गाण्यांच्या सरावाला जायची, परत आली की कुटायची." म्हणजे दोन तास, मी हिशेब लावला. आंटी गुजियाचा साचा घेऊन हजर झाल्या. बाबांनी हात जोडून नको म्हटलं. मी लाटायचे, लेक सारण भरायची, आंटी दुधाचं बोट फिरवून कडा दाबायच्या, आणि बाबा कातणं फिरवायचे. कातणं कुठलं? लेकीच्या पेन्सिलीच्या डब्यातली खेळण्यातली दातेरी चकती, चांगली उकळून घेतलेली. पहिल्या घाण्यातल्या तीन करंज्या तेलात फुटल्या. "भरताना फारच सढळ हातानं भरलंस," बाबा नातीला म्हणाले आणि हसले. अहो, खरंच हसले!

दुपारी चांदणीचाही उपाय निघाला. नवरा कामानिमित्त पानिपतहून चादरींची सॅम्पलं आणतो, त्यांच्या पारदर्शक पिशव्यांचा आमच्याकडे ढीग आहे, आणि तो ढीग फेकत नाही म्हणून मी त्याच्याशी नेहमी भांडते. बाबांनी नवे कागद चिकटवले आणि वरून त्या पिशव्या कापून, घट्ट ताणून, टेपनं बसवल्या. "शाळेत हे सुचलं असतं तर," ते पुटपुटले. ती चांदणी मग जानेवारीच्या धुक्यालाही पुरून उरली.

पहिली चांगली करंजी मी बाबांना दिली. त्यांनी ती मोडली, आत पाहिलं, खाल्ली. "रवा जरा जास्त भाजला मी. पण जमलंय." मग मी खाल्ली. तेरा वर्षांत पहिल्यांदा मी अख्खी करंजी खाल्ली असेन. एवढी चांगली लागते ही? आणि हिच्यामागे एवढं काम असतं? साठी उलटलेली बाई दरवर्षी हे सगळं करून, चादरीत शिवून आमच्यासाठी पाठवत होती, आणि मी काय म्हणत होते? मिळाला हं डबा.

नाताळच्या दिवशी उपासनेहून आल्यावर लेकीच्या हाती आंटींकडे ताट पाठवलं. तासाभरात ताट परत आलं, त्यात तिळाची गजक आणि रेवड्या. बाबा म्हणाले, "शहाणी बाई आहे. भांडं रिकामं परत नाही केलं."

"म्हणजे?" लेकीनं विचारलं.

"कुणाकडून भरलेलं भांडं आलं, की रिकामं परत करू नये. काही नसलं तर चिमूटभर साखर घालावी."

मी ओट्याशी उभी होते. हात जिथल्या तिथं थांबले. बारा वर्षांत अकरा वेळा मी तो डबा धुवून, पुसून, रिकामा परत पाठवला होता. व्यवस्थित! मला कुणी सांगितलंच नव्हतं, आमच्या क्वार्टरमध्ये डबे यायचे-जायचे नाहीत. मी बाबांना विचारलं, "आई काही म्हणायच्या का हो? मी रिकामा पाठवायचे त्याबद्दल?"

"छे गं," बाबा म्हणाले. "उघडून बघायची. मग म्हणायची, नोकरी करते पोर, वेळ नसेल मिळाला."

उघडून बघायच्या. दर वर्षी. देवा, मी त्यांना एकदा, फक्त एकदा धन्यवाद म्हटलं असतं! इतकी वर्षं त्यांनी मला सांभाळून घेतलं आणि मला पत्ताही नव्हता. आज मी हे लिहितेय ते त्यांच्यासाठीच. आई, फार उशीर झाला, पण तुमचे उपकार आहेत माझ्यावर.

सव्वीस तारखेला सकाळी स्टुलावर चढून मी माळ्यावरचा डबा काढला. घासला, पुसला. उरलेल्या करंज्या, आंटींची गजक, रेवड्या, सगळं त्यात नीट रचून काठोकाठ भरला. बाबा आत बॅग भरत होते. मी डबा नेऊन बॅगेशेजारी ठेवला. "बाबा, हा घेऊन जा. या वेळी भरून देतेय."

बाबांनी झाकणावरच्या नावावरून अंगठा फिरवला. झाकण उघडून आत पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

"आणि तिकडे उघडणार कोण?" ते म्हणाले.

मी काय काय बोलायचं ठरवून आले होते, ते सगळं गेलं. "बाबा, मी त्या दिवशी फार वाईट बोलले. हे घर तुमचंच आहे. नका ना जाऊ." एवढंच आलं, आणि मी लहान पोरीसारखी हुंदके द्यायला लागले. लेक धावत आली, "मम्मा, क्या हुआ?"

बाबांनी झाकण लावलं. डबा दोन्ही हातांत उचलला, हळूहळू चालत स्वयंपाकघरात नेला आणि ओट्यावर ठेवला.

"तुझ्या पडद्याच्या बऱ्याच पट्ट्या उरल्यात," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "पुढच्या नाताळला खालच्या बाईंना एक चांदणी करून देऊ. चादर खराब झाली त्यांची." मग मुलाला हाक मारली, "अरे, ते तिकीट रद्द होतं का बघ."

डबा आता ओट्यावरच असतो. तेव्हापासून मी तो एक दिवसही रिकामा ठेवलेला नाही.